पिठाची गोळी

चनबसप्पा तोलारानं तोललेलं पोतं सोलापूरच्या बाजारात कुणी दुसऱ्यांदा काट्यावर चढवायला लावत नसे. माल घेऊन आलेला शेतकरी अडत दुकानाच्या पायरीवरूनच विचारायचा, काट्यावर कोण आहे? चनबसप्पा आहे म्हटलं की डोक्याचा पटका सोडून तो निवांत चहाला निघून जायचा. अडत्याकडे झुकायचं नाही आणि शेतकऱ्याकडेही नाही, एवढं एकच व्रत चनबसप्पानं पाळलं होतं. त्यापायी त्याला दोन्हीकडून मान होता.

दाक्षायणीचं लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी एवढंच पाहिलं. घर बाळीवेशीतलं, दोन खोल्यांचं. शेती नाही, दुकान नाही, पण माणूस सरळ आहे. अक्कलकोटजवळच्या खेड्यातून ती सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी धड बोलता येत नव्हतं. चनबसप्पानं तिला मराठी शिकवलं ते बाजारातलं. त्यामुळे सुरुवातीला ती भाजीवालीशीही अडत्यासारखी दरडावून बोलायची, आणि तो ते ऐकून पोट धरून हसायचा. एक मुलगी झाली, महानंदा. पुढं मूल झालं नाही, पण त्यावरून तो तिला कधी टोचून बोलला नाही.

जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तो नंदीध्वज पेलायचा. ती उंच, जड काठी एकट्यानं तोलून चालायची, दमलं की दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि मधल्या मधे ती तसूभरही कलू द्यायची नाही. त्यासाठी दिवाळी झाली की सराव सुरू व्हायचा. त्याचा थोरला भाऊ गुरप्पा हा त्या काठीच्या माणसांचा म्होरक्या. पांढऱ्या बाराबंदीतला आपला नवरा मिरवणुकीत काठी घेऊन पुढं येताना दिसला की दाक्षायणी गर्दीत मान खाली घालायची. भरल्या डोळ्यांनी बघितलं तर आपलीच दृष्ट लागेल असं तिला वाटायचं.

अशा माणसाला दारू कशी लागली, याचं उत्तर तिला कधी सापडलं नाही. दुष्काळाच्या साली बाजार ओस पडला होता, काट्यावर दिवसभर माशा बसायच्या, तेव्हा हमालांच्या संगतीनं सुरू झाली असं गुरप्पा म्हणायचा. पण दुष्काळ सरला, बाजार पुन्हा भरला, दारू मात्र राहिली. तो मारझोड करणारा नव्हता. पिऊन आला की उंबऱ्यावर बसून रडायचा, सिद्धरामेश्वराची शपथ घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तसाच यायचा. शपथ घेताना तो खोटं बोलत नसे, हे तिला कळत होतं. त्या क्षणी तो मनापासूनच बोलायचा, आणि म्हणूनच तिला राग धरता येत नसे.

मग एका हिवाळ्यात सरावाच्या वेळी काठी घेतल्यावर त्याचे पाय लटपटले. काठी कलली. चौघांनी धावून सावरली म्हणून पडली नाही. गुरप्पानं सगळ्यांदेखत सांगितलं की पुन्हा हात लावू नकोस. त्यानंतर थोड्याच दिवसांत अडत दुकानाच्या शेटनी त्याला काट्यावरून काढलं आणि पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. हातात दाभण घेऊन तो त्याच दुकानात खाली बसायचा आणि वर काट्यावर दुसराच कुणी उभा असायचा. दाक्षायणीनं घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना घालायला सुरुवात केली. घर चालायला लागलं, पण नवरा दिवसेंदिवस खचत गेला.

एके दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. हमालांनी त्याला एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथं त्याला डॉ. तडवळकर भेटल्या.

तडवळकरबाई तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर असतील. मुंबईला मनाच्या रोगांचं शिक्षण घेऊन त्या सोलापूरला परत आल्या होत्या. दारुड्याला घरचे आणतात, आठ दिवस ठेवतात, नेतात आणि पुन्हा आणतात, हे पाहून त्या कंटाळल्या होत्या. बाहेरच्या देशांत एक गोळी देत असत. ती पोटात असताना दारू घेतली की अंग पेटतं, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि त्या भीतीनं माणूस दारूपासून लांब राहतो. पण ती गोळी आपल्या माणसांना, आपल्या उन्हातान्हात आणि कष्टात किती उपयोगी पडते, हे इकडं कुणी नीट तपासलं नव्हतं. बाईंनी ते तपासायचं ठरवलं.

चनबसप्पा बरा झाल्यावर त्यांनी नवरा-बायको दोघांनाही समोर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. निम्म्या माणसांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच पण नुसत्या पिठाची. कुणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नसणार. बाटल्यांवर फक्त आकडे होते, आणि त्यांचा उलगडा पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे बंद करून ठेवलेला. दाक्षायणीनं विचारलं की असं आंधळेपणानं कशासाठी? बाई म्हणाल्या, मला माहीत असलं तर मला जे हवं तेच दिसेल. खऱ्या गोळीवाला सुधारलाय असं मी उगाच ठरवीन.

दाक्षायणीला ते पटलं. चनबसप्पालाही पटलं. काट्यावरच्या माणसाला ते लवकर कळलं, असं त्यानं घरी येताना म्हटलंही. पण डोक्याला पटणं वेगळं. घरी येऊन पहिली गोळी घेतली तेव्हाच त्यानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला.

"माझी खरी हाय," तो म्हणाला. "तोंडात पितळ चघळल्यावानी लागतंय."

रोज सकाळी दाक्षायणीनं आपल्या हातानं गोळी द्यायची, पाणी द्यायचं आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. ती तसंच करायची. त्याची आंघोळ झाली, कपाळाला भस्म लागलं, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजा झाली की ती गोळी पुढं करायची. तो तोंड वाकडं करायचा, पितळ म्हणायचा आणि कामाला जायचा.

दवाखान्यात आठवड्याला एकदा जायचं असे. तिथं त्याची धोंडिरामशी गाठ पडली. धोंडिराम बुधवार पेठेतला, महापालिकेच्या नळांच्या चाव्या सोडणारा, जिभेनं तिखट आणि मनानं मऊ. दोघांची जात वेगळी, पेठ वेगळी, एरवी कधी ओळख झाली नसती, पण त्या बाकावर बसून ते एकमेकांचे सोबती झाले. धोंडिरामनं एकदा पाहुण्याच्या बारशात घोटभर घेतली. त्याला आणलं तेव्हा चनबसप्पा तिथंच होता. धोंडिरामचा चेहरा, मान, छाती लालभडक झाली होती, डोळे बाहेर आले होते, आणि मला वाचवा म्हणून तो भिंतीला हात घासत होता. तासा-दोन तासांनी तो सावरला. तोवर चनबसप्पा त्याचा हात धरून बसला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं दाक्षायणीला सगळं सांगितलं आणि म्हणाला की बाजारातून येताना देशीच्या दुकानावरून वाट आहे, तिथं आलो की पाय आपोआप थांबायचे, पण आता धोंड्याचं तोंड डोळ्यापुढं येतं आणि पाय उचलतात.

महिने गेले. दारू सुटली. हाताची थरथर गेली, भूक परत आली, गालांवर मांस चढलं. पावसाळा संपता संपता शेटनी त्याला एक दिवस हाक मारली आणि काट्याकडे नुसती मान हलवली. त्या संध्याकाळी चनबसप्पा पेढे घेऊन घरी आला आणि महानंदा शाळेतून आल्याबरोबर तिच्या तोंडात पेढा कोंबला. ती आता चांगली पंधरा वर्षांची झाली होती, बापाशी बोलणं तिनं केव्हाच सोडलं होतं. तिनं पेढा खाल्ला आणि विचारलं, "अप्पा, उद्यापण काट्यावरच का?" तो म्हणाला, व्हय. मग ती आत जाऊन बराच वेळ रडली, आणि दाक्षायणीनं तिला रडू दिलं.

दिवाळीनंतर गुरप्पा स्वतः घरी आला. धाकट्या भावाच्या समोर बसून त्यानं चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि जाताना म्हणाला की सरावाला येत जा. दाक्षायणीला त्या दिवशी वाटलं की आपल्या संसाराची कललेली काठी पुन्हा उभी राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोळ्यांचा प्रयोग संपला. पुण्याहून उलगडा आला, आणि बाईंनी एकेकाला बोलावून सांगायला सुरुवात केली. कुणाला काय दिलं हे त्यांना सांगायचंच, असा शब्द त्यांनी आधी दिला होता. चनबसप्पा आणि दाक्षायणी गेले तेव्हा बाईंचा चेहरा उजळला होता. त्या खुर्चीवरून उठून पुढं आल्या.

"चनबसप्पा, तुमच्या गोळीत काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "नुसतं पीठ. वर्षभर दारू सोडलीत ती तुम्ही स्वतःच्या बळावर."

दाक्षायणीच्या अंगावर काटा आला तो आनंदानं. आपला माणूस औषधावर नव्हे, हिमतीवर उभा राहिला, हे ऐकून तिला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पुढं कित्येकदा तिला त्या आनंदाची लाज वाटली. कारण तिनं वळून नवऱ्याकडे बघितलं तेव्हा तो हसत होता, पण ते हसणं ओळखीचं नव्हतं. वजन कमी भरल्यावर शेतकरी हसतो तसं ते होतं. त्यानं बाईंना हात जोडले, बरं झालं म्हणाला, आणि दोघं बाहेर पडले.

वाटेत तो तिच्या दोन पावलं पुढं चालत राहिला. घरी येऊन भिंतीला टेकून बसला. दाक्षायणीनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. शेवटी तो म्हणाला, "मग मी भ्यालो कशाला?"

ती म्हणाली की भ्यालात कुठं, सोडलीत की. बाई काय म्हणाल्या ते ऐकलं न्हाय का?

"ऐकलं. बाईंना वाटतंय मी बळाचा हाय. मी नुसता भीत हुतो, दाक्षे. रोज त्या दुकानापाशी मरणाला भ्यायचो, म्हणून पाय उचलायचे. आता कशाच्या भ्यानं उचलू?"

"मी हाय की," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती आधीही होतीच. तिच्या असण्यानं दारू सुटली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आठवडा गेला तरी त्याची घुसमट उतरेना. रोज सकाळी पूजा झाली की सवयीनं हात पुढं व्हायचा आणि रिकामा मागं यायचा. शेवटी दाक्षायणी त्याला न सांगता दवाखान्यात गेली. आयुष्यात कधी कुणाला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, ते तिनं त्या दिवशी सांगितलं.

"बाई, तुमी एकदा त्यांना बोलवा आन म्हणा की चूक झाली. आकडा चुकला. त्यांची गोळी खरीच हुती."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. तसं सांगता येणार नाही, म्हणाल्या. आज फसवलं आणि उद्या त्यांना दुसरीकडून कळलं, तर माझ्यावरचाच नाही, कुठल्याच औषधावरचा विश्वास उडेल. पण खरी गोळी कामाची आहे हे आता कळलं होतं, आणि ती देता येत होती. भीतीच हवी असेल तर खरीच भीती देऊ, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी चनबसप्पाला बोलावलं, रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला आणि खऱ्या गोळ्या सुरू केल्या. बजावूनही सांगितलं. आता खेळ नाही. ही खरी आहे. थेंबही नको.

सकाळी दाक्षायणीनं नव्या बाटलीतली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. पांढरी, गोल, तंतोतंत जुनीसारखी. त्यानं ती जिभेवर ठेवली, थोडा थांबला, मग पाणी प्याला.

"हिला चवच न्हाय," तो म्हणाला.

ती म्हणाली, एकेकाला लागते, एकेकाला नाही, बाईंनी सांगितलंय. तो म्हणाला, बाईंनी लई सांगितलंय. पिठाला पितळेची चव होती, मग बिनचवीचं हे तर त्याहून पीठ. पण तिच्या तोंडाकडे बघून तो रोज गोळी घेत राहिला. आजाऱ्यानं घरच्यांच्या समाधानासाठी अंगारा लावून घ्यावा, तसा.

जत्रेपर्यंत मात्र तो ठीक राहिला. सराव होता, काठीच्या माणसांचं सोवळं होतं, गुरप्पाचा डोळा होता. मिरवणुकीच्या दिवशी त्यानं बाराबंदी घातली. दाक्षायणी महानंदाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. त्याची पाळी आली, त्यानं काठी घेतली आणि पाऊल टाकलं. लोक हर्र म्हणून ओरडत होते, वरचे गोंडे हलत होते, पण काठी सरळ होती. त्या वर्षी दाक्षायणीनं मान खाली घातली नाही. डोळे भरून बघितलं. त्याचा गळा, घामानं भिजलेली पाठ, घट्ट मिटलेला जबडा, सगळं बघितलं. नंतरच्या आयुष्यात तिला देवानं दिलेलं म्हणून जे मोजकं होतं, त्यातलं ते एक.

जत्रा संपली, पालं उठली, मैदान मोकळं झालं. सराव नाही, सोवळं नाही. चनबसप्पा काट्यावर जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. विचारलं तर बरं आहे म्हणायचा. धोंडिराम एकदा घरी येऊन गेला. त्याला खरीच गोळी होती आणि ती त्यानं पुढंही चालू ठेवली होती. चनबसप्पा त्याला म्हणाला, तुझं बरं हाय गड्या, तुझा पहारेकरी खरा हाय. धोंडिराम म्हणाला, आता तुझापण खराच हाय की. त्यावर तो फक्त हसला.

धुळवडीच्या दिवशी बाजार बंद होता. सकाळी त्यानं नेहमीसारखी गोळी घेतली. दाक्षायणीनंच दिली. मग गल्लीतल्या पोरांनी रंग लावला तसा तो बाहेर पडला, हमालांकडे जाऊन येतो म्हणाला. ती भाकऱ्या थापत होती, तिनं मान वर करून बरं म्हटलं.

दुपारी हमाल त्याला हातगाडीवर घालून घेऊन आले. आधी तिला वाटलं की रंगच आहे. तोंड लाल, मान लाल, उघड्या छातीवरही लाल. मग तिनं हात लावला. अंग भाजत होतं, काळीज हातगाडीच्या फळीवर आपटल्यासारखं उडत होतं, आणि श्वास पुरत नव्हता. हमालांनी सांगितलं की अडत दुकानामागं बसले होते सगळे. चनबसप्पानं नको नको म्हणत पहिला पेला बराच वेळ हातात धरला, मग एका दमात घेतला, आणि काही होत नाही बघून लगोलग पुढचे दोन. तिसरा खाली ठेवतो न ठेवतो तोच हे सुरू झालं.

ती हातगाडीबरोबर दवाखान्याकडे पळाली. रस्ताभर रंग, पिचकाऱ्या आणि ढोल. लोकांना वाटलं की प्यालेल्या माणसाला गमतीनं मिरवतायत, काहींनी त्याच्यावर रंगही उडवला. एका वळणावर त्यानं तिचं मनगट धरलं आणि काहीतरी बोलला. तिनं कान खाली नेला.

"दाक्षे," तो म्हणाला, "खरी हाय की गं ही."

त्यानंतर तो बोलला नाही. दवाखान्यात तडवळकरबाई घरून धावत आल्या. सुट्टीचा दिवस, केसांना रंग लागलेला तसाच. सलाइन लावलं, प्राणवायू दिला, सुया दिल्या. अंगाची लाली उतरली आणि दाक्षायणीला वाटलं की आता सावरतोय, धोंडिरामसारखाच. पण लाली उतरली ती रक्तदाब खाली जायला लागला म्हणून. तो काही केल्या वर चढेचना. ऊन कलायच्या आत सगळं संपलं.

त्यानं ती का घेतली, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. हमाल म्हणाले की तल्लफ आली. गुरप्पा म्हणाला की संगत. दाक्षायणीला कधी वाटायचं, जन्मभर काट्यावर काढलेल्या माणसानं गोळी खरी की खोटी हे तोलून बघितलं. कधी वाटायचं, तसं काही नाही, नुसती प्यावीशी वाटली असेल. खरी हाय म्हणताना त्याच्या आवाजात भीती होती की हायसं वाटणं होतं, हेही तिला ठरवता येईना. तो आवाज तिनं इतक्या वेळा मनात घोळवला की पुढं पुढं मूळचा कसा होता तेच विसरली.

एक गोष्ट मात्र ती विसरू शकली नाही. त्या सकाळची गोळी तिच्या हातची होती. ती दिली नसती, भाकऱ्यांच्या घाईत राहून गेली असती, तर तो पिऊन आला असता, उंबऱ्यावर बसून रडला असता आणि जिवंत राहिला असता. पुन्हा दारुडा झाला असता, पण असता.

दिवसकार्य झाल्यावर तडवळकरबाई बाळीवेशीत आल्या. गुरप्पा दारातच उभा होता. तो त्यांना आत येऊ देईना. दाक्षायणीनं आतून सांगितलं की येऊ द्या. बाई खाली जमिनीवर बसल्या. दोघींच्या मधे कपबशीतला चहा निवत राहिला.

दाक्षायणीनं विचारलं, "तुमी त्यांना पीठ म्हणून सांगितलंच नसतं तर?"

बाई म्हणाल्या की हाच प्रश्न मीही रोज विचारतेय. न सांगणं मला फसवणूक वाटली असती. सांगितलं तर ते खूश होतील, त्यांना स्वतःवर विश्वास वाटेल असं वाटलं. मग म्हणाल्या, "त्यांची हिंमत होती ते मला दिसलं. ती हिंमत कशावर उभी होती ते मला दिसलं नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. सांगणं भाग नव्हतं, तरी सांगितली. प्रयोगाचा अहवाल पूर्ण झाला होता. प्रयोग संपला त्या दिवशी जी माणसं दारूपासून दूर होती, ती सुधारलेली धरायची असा नियम होता. चनबसप्पा त्या दिवशी दूर होता. म्हणजे त्या कागदावर तो बरा झालेल्यांत होता, आणि तसाच राहणार होता. पुढं जे झालं ते मोजायला त्या कागदात जागाच नव्हती. वेगळं लिहून मी ते पुण्याला कळवलंय, बाई म्हणाल्या, पण लोक वाचतील ते आकडेच वाचतील.

दाक्षायणीला राग यायला हवा होता. आला नाही. तिला एवढंच वाटलं की जगात कुठंतरी एक कागद आहे, ज्यावर आपला नवरा अजून बरा आहे. तिनं बाईंना थंड चहा बदलून दुसरा दिला. बाई तो न पिता रडल्या. मग दाक्षायणीही रडली, आणि दारात उभा असलेला गुरप्पा चपला घालून निघून गेला.

त्यानंतर बाई तिला अधूनमधून निरोप पाठवायच्या. दवाखान्यात दारू सोडायला आलेल्यांच्या बायका जमतात, त्यांच्याशी चार शब्द बोलाल का म्हणून. दाक्षायणी गेली नाही. धोंडिराम सणावाराला घरी यायचा. त्याचं बरं चाललं होतं, दारू सुटलेलीच होती. ती त्याला जेवू घालायची, भाकऱ्या बांधून द्यायची, पण त्याच्या तोंडाकडे बघत नसे. त्यालाही ते कळत होतं, तरी तो येत राहिला.

पुढल्या वर्षी महानंदाला कुर्डुवाडीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, घर सज्जन. बोलणी करायला मुलाचे वडील आणि चुलते आले. गुरप्पानं आधीच दाक्षायणीला बजावून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हृदयविकारानं गेले म्हणायचं. ते खोटंही नव्हतं, शेवटी काळीजच थांबलं होतं. तिनं मान डोलावली होती.

पोहे झाले, पानसुपारी झाली, आणि मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, व्याही कशानं गेले? गुरप्पानं तोंड उघडलं, पण आतल्या दाराशी उभी असलेली दाक्षायणी त्याच्या आधी बोलली.

"दारूनं गेले," ती म्हणाली. "पण त्याआधी वर्षभर सोडली हुती. औषध न्हवतं, काय न्हवतं. त्यांची त्यांनीच सोडली हुती."

गुरप्पा खाली बघत राहिला. आतल्या खोलीत महानंदा भिंतीला चिकटून उभी होती, तिनं आईच्या पदराचं टोक हातात घट्ट धरलं. मुलाच्या वडिलांनी बोटातली सुपारी तशीच धरून ठेवली.

"वर्षभर म्हणजे लई झालं की," ते हळूच म्हणाले, आणि मग त्यांनी पंचांग मागितलं.